एकच धरण, दोन केंद्रे

ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नांबुको राज्यात, रेसिफे बंदरापासून सुमारे १३० किलोमीटर आत, करुआरू नावाचे शहर आहे. तिथला भलामोठा बाजार आणि मातीच्या रंगीत बाहुल्या ब्राझीलभर प्रसिद्ध आहेत. १९९६ साली या शहरात डायलिसिसची दोन केंद्रे होती. एकात १३० रुग्ण उपचार घेत, दुसऱ्यात ४७. दोन्हीकडचे पाणी मुळात एकाच धरणातले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पहिल्या केंद्रातल्या १०१ रुग्णांच्या यकृताला तीव्र इजा झाली आणि पुढे त्यांतले जवळपास निम्मे, म्हणजे ५० जण, दगावले. दुसऱ्या केंद्रात तो आजार एकालाही झाला नाही. ही हकीकत बहुतेकदा एका अनोळखी विषाची हकीकत म्हणून सांगितली जाते. विष अनोळखी होते हे खरेच. पाण्यातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या त्या विषाने डायलिसिसच्या रुग्णांचा जीव गेल्याची नोंद त्याआधी नव्हती. पण दोन केंद्रांमधला फरक विषाने पाडलेला नव्हता, कारण विष दोघांच्याही धरणात होते. फरक पडला तो धरण आणि रुग्णाच्या दंडातली सुई यांच्या मधल्या वाटेवर. त्या वाटेवर पाणी ज्यांच्या ज्यांच्या हातांतून गेले, त्यांतल्या प्रत्येकाने ते स्वच्छ करण्याचे काम दुसऱ्याचे मानले होते. डायलिसिसच्या पाण्याला धनी नव्हता, आणि ही स्थिती करुआरूत त्या फेब्रुवारीत निर्माण झाली नव्हती. ती या उपचाराबरोबरच जन्माला आली होती.

नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ मध्ये पहिले चालते कृत्रिम मूत्रपिंड बांधले. सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात तो सेलोफेनचा नळा त्याने एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळला. नळ्यातून रक्त फिरे आणि पिंप एका टाकीतल्या खारट पाण्यात गरगरत राही. रक्तातला युरिया सेलोफेनच्या बारीक छिद्रांतून पाण्यात उतरे. पहिले बरेच रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये एक बाई वाचली. तरीही हा उपचार चार-दोन दिवसांच्या संकटापुरताच होता, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली आणि मूत्रपिंडे पूर्ण बंद पडलेला माणूसही वर्षानुवर्षे जगू लागला. मानवी इतिहासात तोवर नसलेली अशी एक जमात यातून तयार झाली, जिचे रक्त आठवड्यातून तीनदा, दर वेळी तीन-चार तास, पाण्याला भिडते. एका बैठकीला साधारण १२० लिटर पाणी लागते, म्हणजे आठवड्याला ३६० लिटर. निरोगी माणूस आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पाणी पितो, आणि तेही आतड्याच्या जिवंत अस्तरातून पारखून आत जाते; नको ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी आणि रक्त यांच्यामध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. तो जिवाणूंना अडवतो, कारण ते आकाराने मोठे. लहान रेणूंच्या बाबतीत मात्र त्याला बाहेर काय जायचे आणि आत काय यायचे याची काही समज नसते. ज्या छिद्रातून युरिया बाहेर पडतो, त्याच छिद्रातून पाण्यातला लहान रेणू आत शिरतो.

हा हिशेब आज मांडायला सोपा वाटतो. त्या काळी तो रुग्णांच्या जिवावर शिकला गेला. १९७० च्या दशकात काही केंद्रांतले जुने रुग्ण बोलताना अडखळू लागले, त्यांच्या स्नायूंना झटके येऊ लागले, स्मरणशक्ती गेली आणि शेवटी ते मरण पावले. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या ॲलन ॲल्फ्री यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साचल्याचे दाखवले. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलसारख्या शहरांत हे ॲल्युमिनियम डायलिसिसच्या पाण्यातून येत होते. शहरांची जलशुद्धीकरण केंद्रे पाणी निवळण्यासाठी तुरटी वापरतात. पिणाऱ्याला तिचा त्रास नाही, कारण आतडे ती फारशी आत घेत नाही. म्हणजे नागरिकांसाठी पाणी स्वच्छ करण्याची क्रियाच या थोड्या लोकांसाठी ते नासवत होती. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ॲनापोलिस शहरात दातांच्या आरोग्यासाठी पाण्यात घालायचे फ्लोराइड चुकून प्रमाणाबाहेर मिसळले गेले. तिथे डायलिसिसवरचा एक रुग्ण दगावला. आणि आपल्या विषयाला सगळ्यांत जवळचे उदाहरण १९७४ चे, वॉशिंग्टन शहरातले. तिथल्या एका केंद्रात २३ रुग्णांना डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप भरू लागला, रक्तदाब पडू लागला. यंत्रे तपासली, नळ्या तपासल्या. दोष सापडला नाही. दोष शहराच्या नळात होता. पोटोमॅक नदीत शेवाळासारख्या जिवाणूंचा बहर आला होता आणि नळाच्या पाण्यातले एंडोटॉक्सिन त्याबरोबर वाढले होते. एंडोटॉक्सिन म्हणजे विशिष्ट जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा भाग. जिवाणू मेला तरी ते उरते, पाणी उकळले तरी उरते, आणि रक्तात त्याचे अत्यल्प प्रमाण गेले तरी शरीर मोठा संसर्ग झाल्यासारखे पेटून उठते. शहराने जिवाणू मारले होते. आपल्या परीने आपले काम चोख केले होते. मेलेल्या जिवाणूंचे विष कोणी मोजायचे, हा प्रश्न कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

या प्रत्येक प्रसंगानंतर श्रीमंत देशांतल्या केंद्रांनी नळ आणि यंत्र यांच्या मध्ये स्वतःचे छोटे जलशुद्धीकरण केंद्र उभे केले. वाळूची गाळणी, कोळशाचा स्तंभ, पाणी मृदू करणारी रेझिन आणि शेवटी आरओ. १९८० च्या दशकात अमेरिकेत डायलिसिसच्या पाण्यासाठी वेगळे मानकही आले. म्हणजे धनी नेमण्याची सुरुवात झाली होती. पण यंत्रे जितक्या वेगाने जगभर पसरली, तितक्या वेगाने ही समज पसरली नाही. यंत्र विकत घेता येते. ते येताना त्याच्यामागचा वीस वर्षांचा पश्चात्ताप बरोबर येत नाही.

आता करुआरूच्या धरणाकडे वळायला हवे. सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण सरसकट नीलहरित शेवाळ म्हणतो, हे खरे तर प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत, आणि पृथ्वीच्या हवेत प्राणवायू आणण्याचे श्रेय त्यांच्या पूर्वजांना जाते. साचलेले पाणी, ऊन आणि सांडपाण्यातून किंवा शेतातून आलेले फॉस्फरस मिळाले की ते इतके माजतात की पाण्यावर हिरवा तवंग धरतो. पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनी जलाशयाचा हिरवा रंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य नवे नाही. यांतल्या काही जाती विष तयार करतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन गुरे मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्येच ‘नेचर’मध्ये केली होती. या विषांपैकी मायक्रोसिस्टिन हे सात अमिनो आम्लांच्या कड्याचे रसायन यकृताचे वैरी. पित्तरसाच्या घटकांना यकृताच्या पेशीत नेणारे जे वाहक असतात, तेच याला आत घेतात. आत गेल्यावर ते पेशीचा सांगाडा सांभाळणारी यंत्रणा बिघडवते. पेशी एकमेकींपासून सुटतात आणि यकृत आतल्या आत रक्ताने भरते. रेणू छोटा, डायलिसिसच्या पडद्यातून जाण्याइतका. ब्राझीलच्या ईशान्य भागात तर असा इशारा आठच वर्षांपूर्वी मिळाला होता. १९८८ मध्ये बाहिया राज्यात इतापारिका धरण नव्याने भरले आणि काही आठवड्यांत जुलाब-उलट्यांचे सुमारे २००० रुग्ण झाले. ८८ जण मरण पावले, त्यांत बहुतेक मुले. पाणी उकळून पिणारेही आजारी पडले. संशयाचा रोख धरणातल्या सायनोबॅक्टेरियाकडे गेला. शोधनिबंध निघाला, पण पाण्याच्या नियमांत त्यामुळे काही बदलले नाही.

करुआरूला पाणी देणारे ताबोकास धरण याच कोरड्या पट्ट्यातले. १९९० पासूनच्या पाहणीत तिथे सायनोबॅक्टेरियांचे वर्चस्व दिसत आले होते. १९९६ च्या सुरुवातीला उन्हाळा कडक होता, पाणी खाली गेले होते, शहराचा नळपुरवठा तुटक झाला होता. दिवसभर यंत्रे चालवणाऱ्या केंद्राला तुटक पाणी चालत नाही. तेव्हा मोठ्या केंद्राचे पाणी टँकरने येऊ लागले. दुसऱ्या केंद्राला मिळणारे पाणी निवळून, गाळून, क्लोरिन घालून येत होते. टँकरमधल्या पाण्यावर ही सगळी प्रक्रिया झालेली नव्हती. टँकर भरणाऱ्याच्या दृष्टीने ते एका गिऱ्हाइकाला पोहोचवायचे पाणी होते आणि त्या गिऱ्हाइकाकडे स्वतःची शुद्धीकरणाची सोय होती. केंद्राच्या दृष्टीने ते नेहमीचेच पाणी होते, फक्त नळाऐवजी चाकांवरून आलेले. केंद्राकडे वाळू, कोळसा, रेझिन आणि बारीक गाळणीची मालिका होती खरी, पण ती आधीच स्वच्छ झालेल्या पाण्यावर शेवटचा हात फिरवण्यासाठी. कोळसा विष धरून ठेवतो, मात्र त्याची एक मर्यादा असते. धरणाचे हिरवे पाणी जवळजवळ तसेच त्याच्यावर सोडले, की तो भरून जातो आणि मग पुढचे सगळे आरपार जाऊ देतो.

१७ फेब्रुवारी १९९६ हा शनिवार होता. त्या वर्षी कार्निव्हल १७ ते २० तारखांना होता, आणि पेर्नांबुकोत कार्निव्हल म्हणजे आपल्याकडच्या गोव्यातल्यापेक्षा कितीतरी पट मोठा जल्लोष. डायलिसिसला सुट्टी नसते. या चार दिवसांत पहिल्या केंद्रातल्या १३० पैकी ११६ रुग्णांना उपचार चालू असताना किंवा लगेच नंतर डोके दुखू लागले, दिसायला अंधूक झाले, मळमळून उलट्या झाल्या. डायलिसिसमध्ये रक्तदाब उतरला की उलटी होणे नेहमीचे. एकट्यादुकट्या रुग्णाला झाले असते तर कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. दहातल्या नऊ जणांना झाल्यावर ते नेहमीचे म्हणता येईना. पुढच्या काही दिवसांत यकृते सुजून दुखू लागली, डोळे पिवळे झाले, नाकातून आणि इतर ठिकाणांहून रक्त येऊ लागले, काहींना झटके आले. २४ मार्चपर्यंत २६ जण यकृत निकामी होऊन मरण पावले होते. मृत्यू पावलेल्यांचे मध्यक वय ४७ होते, वाचलेल्यांचे ३५. सगळ्यांत वाईट फटका बसला तो मंगळवार-गुरुवार-शनिवार रात्रीच्या पाळीला. त्या पाळीत १७ जण होते. सतराही जण आजारी पडले आणि त्यांतले १३ गेले. डायलिसिसच्या केंद्रात पाळी म्हणजे नुसती वेळ नसते. वर्षानुवर्षे तीच माणसे शेजारच्या त्याच खुर्च्यांवर बसतात, एकमेकांच्या घरचे सगळे माहीत असते. एका पाळीतून चारच जण उरणे म्हणजे काय, हे रोगाच्या तक्त्यात मांडता येत नाही. तक्त्यात ते फक्त ७६ टक्के असे दिसते.

तपास सुरू झाला तेव्हा संशय सरळ मार्गाने गेला. कीटकनाशक, जास्तीचे क्लोरिन, एखादा जड धातू, सांसर्गिक कावीळ. कावीळ नाही हे लवकर कळले, कारण विषाणूची कावीळ शंभर जणांना एकाच आठवड्यात गाठत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे पथक आले आणि त्यांनी साथरोगशास्त्राचा सगळ्यांत जुना, साधा प्रश्न विचारला: ज्यांना झाले आणि ज्यांना झाले नाही, त्यांच्यात फरक काय? दोन केंद्रांनी उत्तर जवळपास हातात आणून ठेवले. धरण एक, पाण्यावरची प्रक्रिया वेगळी. मग नजर धरणाकडे गेली. रिओ दि जानेरोच्या केंद्रीय विद्यापीठातल्या सांद्रा अझेवेदो आणि अमेरिकेत ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठातले वेन कारमायकेल हे सायनोबॅक्टेरियाच्या विषांचे अभ्यासक यात आले. मायक्रोसिस्टिन धरणाच्या पाण्यात सापडले, केंद्राच्या पाण्यात सापडले, रुग्णांच्या रक्तात सापडले आणि मृतांच्या यकृतातही सापडले. चार ठिकाणी एकच रसायन; पुरावा क्वचितच इतका पुरा मिळतो. केंद्राच्या कोळशात आणि रेझिनमध्ये सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन नावाचे आणखी एक सायनोविषही निघाले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९८ मध्ये अहवाल आला. २००१ मध्ये कारमायकेल, अझेवेदो आणि सहकाऱ्यांनी रक्त-यकृतातल्या प्रमाणावरून उलटा हिशेब करून अंदाज मांडला की डायलिसिसच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे १९.५ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन असावे. त्यांच्या मोजणीत त्या वर्षअखेरपर्यंत गेलेल्या ७६ जणांपैकी ५२ मृत्यू नक्की या विषामुळे होते. उरलेल्यांचे काय, हे सांगणे कठीण, कारण डायलिसिसवरचा माणूस आधीच अनेक आजारांच्या उंबरठ्यावर असतो.

इथे पहिला आक्षेप पुढे येतो, आणि तो वजनदार आहे. मायक्रोसिस्टिनची चाचणी १९९६ मध्ये जगातल्या कुठल्याही पाणीखात्याला बंधनकारक नव्हती. पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा ठरलेली नव्हती. मग करुआरूतल्या कुणाला दोष कसा द्यायचा? जे माहीत नव्हते त्याची जबाबदारी कोणावर? हा युक्तिवाद खरा ठरला असता, जर हे विष ओळखल्याशिवाय ते टाळता येत नसते. पण दुसऱ्या केंद्राने कुठली चाचणी केली होती? कोणतीच नाही. त्यांच्या ४७ रुग्णांना वाचवले ते साध्या, शंभर वर्षे जुन्या पद्धतीने. सायनोबॅक्टेरियाचे विष बहुतांशी जिवंत पेशीच्या आत असते. तुरटीने पेशी गोळा होऊन खाली बसल्या, वाळूने त्या अख्ख्या अडवल्या, की विषही त्यांच्याबरोबर बाजूला पडते. मग क्लोरिन उरलेल्यावर काम करते. क्रम उलटा झाला तर मात्र घात होतो. ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातले शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकले गेले. पेशी फुटल्या, विष पाण्यात मोकळे झाले आणि १४८ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा विषाचे नाव ठाऊक असणे ही करुआरूच्या बचावाची अट नव्हती. हिरवे पाणी न गाळता माणसाच्या रक्ताजवळ नेऊ नये, एवढे पुरले असते. आणि हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ लागत नाही.

दुसरा आक्षेप दुष्काळाचा. पाणीच नव्हते तर टँकर आणण्यावाचून इलाज काय होता, आणि एक डायलिसिस चुकवणे हेही रुग्णासाठी जिवावरचे असतेच की. हे मान्य करावे लागते. मराठवाड्यातल्या वाचकाला तर ते समजावून सांगायलाच नको. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांपर्यंत डायलिसिस नेण्याची योजना जाहीर केली. या दोन गोष्टी एकाच भूगोलात घडतात. पण दुष्काळाने टँकर आणला, टँकरमध्ये काय भरायचे हे दुष्काळाने ठरवले नाही. प्रक्रिया झालेले पाणी त्याच शहरात होते. ते दुसऱ्या केंद्रात पोहोचत होते. उलट दुष्काळात धरण आटते, पाणी तापते, उरलेल्यात सांडपाण्याचा वाटा वाढतो आणि शेवाळ माजते. म्हणजे टँकर लागतो तो नेमक्या अशा वेळी जेव्हा धरणाचे पाणी सगळ्यांत वाईट असते. याला योगायोग म्हणता येत नाही, आणि म्हणून टँकर ही अपवादाची व्यवस्था मानून नियम फक्त नळासाठी करणे चूक ठरते.

तिसरे म्हणणे असे की हे गरीब प्रदेशातले, ढिसाळ कारभाराचे प्रकरण आहे. व्यवस्थित देशांत असे होत नाही. या म्हणण्याला १९९६ सालानेच उत्तर दिले. त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या कुरसाव या डच बेटावर, जिथे तेव्हा समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातन करून अतिशुद्ध केले जाई, डायलिसिस केंद्राकडे जाणारी नवी नळवाहिनी टाकली गेली. नळाच्या आतल्या सिमेंटच्या अस्तरात ॲल्युमिनियम जास्त होते आणि ते पाण्यात उतरले. २७ पैकी १० रुग्ण मरण पावले. तीन वर्षे आधी, १९९३ मध्ये, शिकागोतल्या एका विद्यापीठ रुग्णालयात रेझिनचे स्तंभ थकले आणि त्यांनी धरून ठेवलेले फ्लोराइड एकदम सोडून दिले. तिथेही तिघे गेले. या दोन्ही ठिकाणी पैसा होता, शिक्षित कर्मचारी होते, नियम होते. पाणीपुरवठा करणाऱ्याला पिण्याचे मानक पाळायचे होते आणि ते त्याने पाळले. रुग्णालयाला यंत्र चालवायचे होते आणि ते त्याने चालवले. पाइप कोणत्या अस्तराचा आहे, रेझिन कधी थकते, टँकर कुठून भरला, हे प्रश्न दोघांच्या सीमारेषेवर पडले होते. करुआरूत फक्त ती सीमारेषा सर्वांत रुंद होती.

करुआरूनंतर सीमारेषा आखण्याचे काम झाले, आणि ते बऱ्याच अंशी नीट झाले. ऑक्टोबर १९९६ मध्ये ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने डायलिसिस केंद्रांसाठी नवे नियम काढले. पाण्याच्या दर्जाची जबाबदारी त्यांत स्पष्ट आली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मायक्रोग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा सुचवली. डिसेंबर २००० मध्ये ब्राझीलने ती कायद्यात आणली आणि धरणांतल्या सायनोबॅक्टेरियांची नियमित मोजणी पाणीपुरवठादारांवर बंधनकारक केली. करुआरूत जे घडले ते घडले नसते तर ही मर्यादा किती वर्षे लांबली असती, याचा अंदाज करणे व्यर्थ आहे. मात्र ती कशी काढली गेली हे पाहण्यासारखे आहे. तोंडावाटे विष दिलेल्या उंदरांवरचा अभ्यास घेतला, सुरक्षिततेसाठी भागाकार केले, ६० किलो वजनाचा माणूस रोज दोन लिटर पाणी पितो असे धरले आणि आकडा काढला. त्या हिशेबात आतडे आहे, मूत्रपिंडे आहेत, दोन लिटर आहेत. ज्यांच्या मृत्यूंनी हा प्रश्न जगापुढे आणला, ते लोक त्या हिशेबात नाहीत. ते १२० लिटरचे गिऱ्हाईक होते आणि त्यांना मूत्रपिंडे नव्हती. नियम करणाऱ्यांवर याचा ठपका ठेवणे योग्य होणार नाही. पिण्याच्या पाण्याचा नियम पिणाऱ्यांसाठीच असणार. पण तो आकडा हाती आल्यावर तोच सर्वांसाठी सुरक्षिततेची रेघ आहे असे समजण्याचा मोह टळला नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये रिओ दि जानेरोला पाणी देणाऱ्या फुनिल जलाशयात आणि ग्वांदू नदीत सायनोबॅक्टेरियांचा बहर आला. या वेळी मोजणी होत होती. शहराच्या पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०.४ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन आढळले, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. केंद्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयात डायलिसिससाठी कोळशाच्या स्तंभातून काढलेल्या पाण्यात ते ०.३२ होते. तिथे ४४ रुग्ण उपचार घेत होते आणि ते सगळे या पाण्याच्या संपर्कात आल्याचे धरले गेले. त्यांतल्या बारा जणांच्या रक्ताचे नमुने पुढचे दोन महिने घेतले गेले. मृत्यू कोणाचा झाला नाही, करुआरूची पुनरावृत्ती झाली नाही, आणि ते मोजणीचे श्रेय आहे. पण बहर सापडल्यानंतर ५७ दिवसांपर्यंत घेतलेल्या नमुन्यांत मायक्रोसिस्टिन मिळत राहिले, आणि यकृताच्या सौम्य ते मध्यम इजेच्या खुणा काही रुग्णांच्या तपासण्यांत दिसल्या. त्या संपूर्ण काळात शहराचे पाणी कायद्याने पिण्यायोग्य होते.